घडीव कढई आणि बिडाची कढई : धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या लोखंडी भांड्यांची परीक्षा व जपणूक

ताम्रपट, नाणीं, पोथ्या व दफ्तरें यांच्या जोडीस जुनीं लोखंडी भांडीं जमविण्याचा छंद अलीकडे आमच्या कांहीं संग्राहक मित्रांस लागला आहे. छंद स्तुत्य आहे. तलवारी जपणारे पुष्कळ झाले. ज्या तव्यावर तलवार धरणाराची भाकरी भाजली तो तवा जपणारा कोणी नव्हता. मात्र पोथीची परीक्षा करतांना हे मित्र जी सावधगिरी बाळगतात ती कढई हातीं येतांच सुटते, असा आमचा अनुभव आहे. पोथींतील पुसट अक्षर ते भिंगाखालीं धरतात. कढईवरील अक्षर विटकरीनें घासून काढतात. प्रस्तुत टिपणास निमित्तही असेंच एक भांडें झालें.

नळदुर्गच्या बाजूस राहणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं एक जड, काळी, दोन कानांची कढई आम्हांस दाखविली. ती किल्ल्यांतील मुदपाकखान्यांतून आली अशी त्यांच्या घरची परंपरा. तळाशीं काजळीच्या पुटांखालीं दोन आकृति उठावाच्या होत्या. एक उभी रेघ व एक वाटोळें. त्यांचें वाचन स्नेह्यांनीं '१०' असें केलें, पुढील दोन आंकडे झिजून गेले असें धरलें, आणि हिजरी एक हजार ते एक हजार नव्याण्णव, म्हणजे इ. स. १५९१ ते १६८८ या मुदतींतील ही कढई असें ठरवून ती आदिलशाही म्हणून नोंदविली. नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ सालचा. तेव्हां काळाचा मेळही बसला. अनुमान चतुर आहे, परंतु त्याचा पाया कच्चा आहे, आणि तो कच्चा कां हें दाखवितांना या विषयांतील बहुतेक सर्व प्रश्न ओघानें येतात.

प्रथम शब्द पाहूं. 'कढई' हा शब्द 'कढणें' या क्रियापदापासून झाला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो संस्कृत 'कटाह', प्राकृत 'कडाह' यांचा वंशज आहे. 'तवा' फारशींतून आलेला. 'लोखंड' म्हणजे लोहखंड, आणि या नांवांतच जुन्या भट्टींतून ही धातु कोणत्या रूपानें बाहेर पडे तें सांगून ठेविलें आहे : तुकडा किंवा गोळा, रस नव्हे. ओतीव लोखंडास आपण 'बीड' म्हणतों. शेजारच्या बीड शहराच्या नांवाशीं हा शब्द जोडण्याचा मोह कोणी धरूं नये. केवळ ध्वनिसाम्य ही व्युत्पत्ति नव्हे. आमच्या आजीच्या पिढीच्या बायका 'लोखंडाची कढई' आणि 'बिडाची कढई' असा भेद कटाक्षानें करीत. तो भेद स्वयंपाकघरांत टिकला व संग्राहकांच्या वह्यांत मात्र हरवला, ही गोष्ट थोडी लाजिरवाणीच आहे.

भेद ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. भांडें दोरीला टांगून बोटाच्या पेरानें वाजवावें. घडीव लोखंड खणखणतें, बीड बद्द वाजतें. घडीव भांड्याची जाडी ठिकठिकाणीं बदलते, आंतून बोट फिरविल्यास घणाचे उथळ ठोके लागतात, आणि कान किंवा कड्या निराळ्या घडवून खिळ्यांनीं बसविलेल्या असतात. बिडाच्या भांड्याचे कान अंगचेच असतात. त्याची बाहेरची बाजू सांच्यांतील वाळूच्या कणांमुळें खरबरीत असते. कित्येकदां काठापासून तळापर्यंत सांच्याच्या सांध्याची रेघ दिसते आणि तळाशीं रस ओतल्याच्या जागेचा व्रण राहतो. टवका उडालेला असेल तर बिडाची फूट करडी व दाणेदार दिसते. घडीव लोखंड सहसा फुटत नाहीं. तें वांकतें, आणि फाटलेंच तर लांकडाप्रमाणें तंतु दाखवितें. सर्वांत महत्त्वाची खूण अक्षरांची. घडीव भांड्यावर अक्षर काढावयाचें तर तें कोरून किंवा ठशानें ठोकून, म्हणजे खोलगट निघतें. उठावाचें अक्षर सांच्यांतूनच येतें. बाजारांतील जुनीं ओतीव वजनें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको.

आमच्या स्नेह्यांच्या कढईचे कान अंगचे होते, सांध्याची रेघ स्पष्ट होती, आणि आंकडे उठावाचे होते. शिवाय फारशी लेखनांत शून्य टिंबानें दाखवितात. तेथें वाटोळें दिसलें तर तें शून्यापेक्षां पांचाच्या जवळचें. तळावरील चिन्हें सरळ सरळ इंग्रजी दहाचा आंकडा आहेत. सांच्यांत ओतलेल्या भांड्यांवर आकाराचा क्रमांक घालण्याची कारखान्यांची रीत आहे, आणि हा दहा त्याच जातीचा होय.

यावर स्नेह्यांनीं एक चांगला आक्षेप घेतला. "परंड्याच्या किल्ल्यावर मुलुखमैदान तोफ होती ना? एवढी तोफ ओतणाऱ्यांस एक कढई ओतां येऊं नये काय?" आक्षेपाचें उत्तर त्याच तोफेंत आहे. ही तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें महंमद बिन हुसेन रूमी यानें ओतली. ती परंड्यास होती व तेथून १६३२ सालीं विजापुरास गेली. लांबी सुमारें १४ फूट, वजन सुमारें ५५ टन. परंतु ती लोखंडाची नव्हे. तांबें व कथील यांच्या मिश्रणाची आहे. असें मिश्रण हजार अंशांच्या आंतच वितळतें. शुद्ध लोखंडास १५३८ अंश लागतात. त्यांत शेंकडा तीन-चार भाग कर्ब मिसळला तर तें सुमारें ११५० अंशांवर पातळ होतें, आणि हें कर्बयुक्त ओतीव लोखंड म्हणजेच बीड. पण एवढा कर्ब लोखंडांत मुरावा यासाठीं उंच भट्टी व जोराचा अखंड वारा लागतो. आपल्याकडील आंखूड भट्टींत दगडापासून लोखंड सुटे तें न वितळतां, मळीनें भरलेल्या सच्छिद्र गोळ्याच्या रूपानें. तो तापवून घणाखालीं मळ पिळून काढीत. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें महापाषाणयुगीन वस्तींत लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननांत मिळाली आहे. तेव्हांपासून ही रीत थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. चुकून कर्ब अधिक मिसळून रस ओघळलाच, तर तो घणाखालीं फुटे म्हणून लोहारास निरुपयोगी. म्हणूनच दख्खनच्या लोहारांच्या मोठ्या लोखंडी तोफा पट्ट्या व कडीं तापवून जोडलेल्या असत. ओतण्याची विद्या येथें उत्तम होती. लोखंड पाण्यासारखें वाहविणारी भट्टी नव्हती. पुढें निजामच्या राज्यांत गेलेल्या तेलंगणांत कोनसमुद्रम् येथें मुशींत पोलाद वितळवीत व तें इराणपर्यंत जाई, हें खरें. पण तें लहान लहान गोळ्यांचें काम, आणि ते गोळे पुन्हां घडवावयाचेच असत.

येथें संस्कृतज्ञांकडून रसरत्नसमुच्चयाचा आधार पुढें येतो. त्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन भेद सांगितले आहेत, आणि कांहीं आधुनिक लेखक मुंड म्हणजे बीड असें सरसकट भाषांतर करतात. हें आम्हांस मान्य नाहीं. त्याच ग्रंथांत मुंडाचे मृदु, कुंठ व कडार असे पोटभेद आहेत, आणि कुंठ मुंड घणाखालीं कष्टानें कां होईना पसरतें असें त्याचें लक्षण आहे. बीड कधीं पसरत नाहीं. घणानें फुटून काळी फूट दाखविणारें कडार फार तर बिडाच्या जवळ नेतां येईल. पण ठिसूळपणा हा गुण आहे, ओतलें जाणें ही कृति आहे, आणि एकावरून दुसरें सिद्ध होत नाहीं. त्याच प्रकरणांत कांतलोहाच्या पात्राची परीक्षा दिली आहे : त्यांतील पाण्यावर तेलाचा थेंब पसरत नाहीं, आणि त्यांत तापविलेलें दूध शिखरासारखें वर चढतें पण उतूं जात नाहीं. आम्हीं घरच्या कढईंत दूध तापवून पाहिलें. तें उतूं गेलें, व चूल पुसण्याचें काम आम्हांकडे आलें.

चिनी लोक इसवी सनापूर्वीं कित्येक शतकें लोखंड ओतीत असत. इंग्लंडांत अब्राहम डार्बी यानें वाळूच्या सांच्यांत लोखंडी भांडीं ओतण्याचें पेटंट १७०७ सालीं घेतलें व १७०९ पासून दगडी कोळशाच्या कोकवर भट्टी चालविली. स्वस्त बिडाच्या भांड्यांचा जन्म तेथला. हिंदुस्थानांत बंगालमधील कुल्टी येथील भट्ट्या १८७५ च्या सुमाराच्या, जमशेदपूरचें पहिलें लोखंड १९११ च्या डिसेंबरांतील, आणि म्हैसूर संस्थानांतील भद्रावतीचा कारखाना १९२३ चा. महाराष्ट्रांत किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली. पहिल्या महायुद्धांत परदेशी बीड येईनासें झालें तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं संस्थानांतील जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठीं दिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. इतिहासप्रेमी मनुष्यानें हळहळावें कीं संतोष मानावा, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

धाराशिवकडे हा जड माल येण्यास वाट झाली ती बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ सालीं बार्शीस आली आणि येडशीवरून १९११ सालीं लातुरास पोहोंचली. लातूर तेव्हां याच जिल्ह्यांत होतें, तें १९८२ सालीं निराळें झालें. उसाचे चरक, वजनें, शिवणयंत्रांचे पाय व कढया हीं सर्व एकाच जातीचीं भांवंडें होत, आणि आमच्या खेड्यांत बीड रुळलें तें या काळांत. तेव्हां नळदुर्गची ती कढई आदिलशाहीहून दोन शतकांवर अलीकडची आहे. स्नेह्यांनीं हें शांतपणें ऐकून घेतलें. "मग हिची किंमत शून्य का?" एवढेंच त्यांनीं विचारलें. तसें मुळींच नाहीं. रुळांबरोबर या जिल्ह्याच्या चुलीवर काय आलें याचा ती पुरावा आहे, आणि असे पुरावे आम्ही अजून गोळाही केलेले नाहींत.

त्यापूर्वीं येथें जें होतें तें घडीव. गांवचा लोहार बलुत्यांत शेतकीचीं आउतें सांभाळी. तवा, कढई, पळी, उलथनें हीं पुष्कळदां घिसाड्यांकडून घेत. गाडीवर संसार व भाता लादून हे लोक गांवोगांव फिरत. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याच्या यात्रेंत त्यांचीं पालें आम्हीं लहानपणीं पाहिलीं आहेत. पुरुष सांडशीनें तापलेलें लोखंड धरी व त्याची बायको घण घाली. जुन्या मोडी याद्यांत 'कढई लोखंडी' असें आढळलें तर ती घडीव समजावी. याशिवाय तिसरी एक जात आहे : गेल्या शतकांतील कारखान्याच्या पत्र्यापासून दाबून किंवा ठोकून केलेल्या कढया. त्या सर्वत्र एकसारख्या जाड असतात. त्यांस जुन्या घडीव म्हणून विकणारे आढळतात, म्हणून हा इशारा.

आतां जपणुकीकडे वळूं. जें भांडें घरांत परंपरेनें चालत आलें, जें एरवीं चुलीवर चढावयाचेंच आहे, त्याविषयीं प्रथम लिहितों. अशा भांड्यावर दोन निरनिराळे मळ असतात व त्यांचे उपायही परस्परविरुद्ध आहेत, हें न जाणल्यामुळें नुकसान होतें. जळालेल्या तेलाचें काळें पुट क्षारानें सुटतें. तांबडा गंज आम्लानें. पुटासाठीं लांकडाच्या राखेचा ओला लेप देऊन भांडें रात्रभर ठेवावें व सकाळीं काथ्यानें घासावें. दोन-चार वेळां असें केल्यानें पुट मऊ होऊन निघतें. गंजासाठीं आंबट ताक किंवा चिंचेचें पाणी पुरें, पण तासाभराहून अधिक नको. आंबटांत रात्रभर राहिलेल्या बिडाच्या पृष्ठभागांतील लोखंड विरघळून जातें व हाताला काळी भुकटी लागते. पुट जाळण्यासाठीं भांडें गोवऱ्यांच्या आरांत टाकण्याची चाल आहे. घडीव तवा तें एखाद वेळ सोसतो, बीड तडकतें. तापल्या बिडावर थंड पाणी ओतणें हा तर उघड घातच. आणि ज्या भांड्यांत पूर्वीं शिसें वितळविल्याची शंका असेल तें पुन्हां अन्नास कधींही लावूं नये.

स्वच्छ झालेलें भांडें तत्काळ चुलीवर कोरडें करावें, कारण ओल्या लोखंडावर घटकेंत गंज फिरतो. मग तेल. लोखंड तेल पितें, म्हणून त्यास तेल पाजावें, असें आपण म्हणतों. बोलण्यास हें गोड आहे, पण घडतें तें निराळें. कांहीं तेलें हवा व उष्णता यांच्या योगानें वाळून कठीण पापुद्रा धरतात. तो पापुद्राच गंज अडवितो आणि भाकरीस किंवा धिरड्यास चिकटूं देत नाहीं. हा गुण जवसाच्या तेलांत सर्वांत अधिक, करडईच्या तेलांत त्याखालोखाल, शेंगदाण्याच्या तेलांत बराच कमी. जवस व करडई हीं दोन्हीं आमच्या जिल्ह्याचीं जुनीं पिकें. तव्यास करडईचें तेल लावणाऱ्या बायकांस रसायनशास्त्र शिकविण्याची गरज नव्हती. जवसाचा पापुद्रा कठीण होतो पण जाड बसला तर खवल्यांनीं निघतो, म्हणून आमची पसंती करडईस. तेलाचा हात फिरवून तें कापडानें इतकें पुसावें कीं भांडें जवळजवळ कोरडें वाटावें. मग उपडें ठेवून धूर येऊन बंद होईपर्यंत मंद आंचेवर तापवावें व आपोआप निवूं द्यावें. असें पांच-सहा वेळां. तेल अधिक राहिलें तर चिकट डिंक होतो. बहुतेकांची चूक येथेंच होते. त्यानंतर महिनाभर त्यांत कांदा परतावा, पापड तळावे. आमटी, कढी अशीं आंबट कालवणें त्यांत शिजवूं नयेत.

काळें दिसतें तें सर्व लोखंड नव्हे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. बिदर आम्हांस लागूनच असल्यामुळें बिदरी कामाचीं भांडीं या जिल्ह्यांत पुष्कळ घरीं आहेत. तीं थोडें तांबें मिसळलेल्या जस्ताचीं. त्यांचा काळा रंग नवसागर व बिदरच्या किल्ल्यांतील माती यांच्या लेपानें येतो. जस्त ४१९ अंशांवर वितळतें. असें भांडें तेल पाजण्यासाठीं चुलीवर ठेवणाराच्या हातीं काय उरेल तें सांगावयास नको.

हें झालें चुलीवरील भांड्यांचें. जमिनींतून निघालेलें लोखंड ही निराळी गोष्ट आहे, आणि ती आम्हीं फार महाग किंमत देऊन शिकलों. तेर म्हणजे पेरिप्लसमधील तगर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलें. तेथील पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, खापरें, नाणीं वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर तीं वेंचलीं व त्यांवरच तेथील संग्रहालय उभें आहे. १९८६ सालीं एका विद्यार्थ्यानें पांढरीच्या कडेस सांपडलेली एक लोखंडी पळी आम्हांस आणून दिली. दांडा मोडलेला, वाटीसारखें तोंड गंजानें फुगून दुप्पट झालेलें. आम्हांस तेव्हां संस्कृत येत होतें व बाकीचें सर्व येतें असें वाटत होतें. घरच्या रीतीप्रमाणें आम्हीं ती पळी लोहाराच्या भात्यापुढें तांबडी करविली, ठोकून गंज झाडला आणि जवसाच्या तेलांत बुडविली. ती सुंदर काळी दिसूं लागली. त्या आठवड्यांत येईल त्यास आम्ही ती दाखवीत होतों.

विस्तवांत घालण्यापूर्वीं त्या गंजावर एके ठिकाणीं बारीक आडव्या-उभ्या रेघा आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. चिकटलेलें गोणपाट असेल असें म्हणून सोडून दिल्या. पुष्कळ वर्षांनीं उत्खननाचीं वृत्तें वाचतांना कळलें कीं मातींत पुरलेल्या लोखंडास लागून असलेलें कापड, लांकूड, धान्य कुजून गेलें तरी गंजाच्या क्षारांत त्याचा हुबेहूब ठसा राहतो. सूत किती पिळाचें व वीण कशी हें त्यावरून सांगतां येतें. परदेशीं जाणाऱ्या कापडासाठीं पेरिप्लसनें नांवाजलेल्या गांवच्या पळीवरील ती वीण होती, आणि ती आम्हीं भात्यापुढें झाडून टाकली. ती सातवाहनकाळची होती कीं शंभर वर्षांपूर्वींची, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं, कारण लोखंड तांबडें होतांच त्याच्या आंतील कणांची मूळ रचनाही बदलते व तें कसें घडलें याची साक्ष नाहींशी होते. पळी आमच्या कपाटांत आहे. ती पाहावयास मागणारास आम्ही आतां ही हकीकत आधीं सांगतों.

तेव्हां उत्खनित किंवा सांपडलेल्या लोखंडास तेल नको, ताक नको, विस्तव तर नकोच. त्यांत मातींतील लवण शिरलेलें असतें व दमट हवेंत तें आंतून घाम फोडतें. वस्तु कोरड्या डब्यांत, ओल शोषून घेणाऱ्या पदार्थाबरोबर बंद करून जाणत्यांकडे न्यावी. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांची वस्तु, व हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांचें, पुरावस्तु ठरतें, याचाही विसर पडूं नये. अशा लोखंडावर जाणते लोक कित्येकदां टॅनिनचें पाणी वापरतात, आणि हस्तलिखितें जमविणारांस यांत ओळखीचा चेहरा दिसेल. हिरडा किंवा बाभळीची साल यांतील तुरट अंश लोखंडाशीं मिळाला म्हणजे काळें संयुग होतें. हिराकस घातलेली जुनी शाई हीच. गंजावर तेंच संयुग पांघरुणासारखें बसतें व कागदावर तीच शाई कालांतरानें कागद खाते.

नळदुर्गच्या कढईचें पुट राखेच्या लेपानें काढण्यापूर्वीं आम्हीं तिच्या तळाचा ओल्या कागदावर ठसा घेतला. दहाच्या आंकड्याखालीं आणखी तीन-चार अक्षरांचे उंचवटे त्या ठशांत दिसतात. बहुधा कारखान्याचें नांव असावें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं बिडाच्या कढया, तवे किंवा आप्पेपात्रें असतील त्यांनीं घासण्यापूर्वीं तळाचा ठसा घ्यावा, भांड्याचें वजन व व्यास मोजावा, तें घरांत कोणत्या गांवाहून व कोणाच्या संसाराबरोबर आलें तें लिहावें, आणि हें सर्व मंडळाकडे पाठवावें. ठसे तीस-चाळीस जमले म्हणजे या जिल्ह्यांत कोणत्या ओतशाळांचा माल कोणत्या वाटेनें आला तें लावून पाहतां येईल. स्नेह्यांनीं आपल्या वहींतील 'आदिलशाही' हा शब्द खोडून 'बिडाची, आंकडा दहा' असें लिहिलें आहे. कढईंत गेल्या संक्रांतीपासून पुन्हां तळण होऊं लागलें आहे.